पैलवानाचं अंग तांब्याचं कसं करायचं?

लाल मातीत उभा पैलवान, अंगावर घामाची चकाकी आणि सगळं शरीर तांब्यात ओतल्यासारखं. असा फोटो मोबाइलवर फिरायला लागला की तालमीतल्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "भावा, प्रीसेट कुठला हाय?" प्रीसेट, म्हणजे एका टिचकीत लागणारी तयार रंग-सेटिंग, मिळतोही. पण आपल्या फोटोला लावला की पैलवान तांब्याचा होत नाही, विटेचा होतो आणि मागच्या मातीत विरघळून जातो. दुसऱ्या एखाद्या फोटोत तोच प्रीसेट कावीळ झाल्यासारखा चेहरा देतो.

दोष प्रीसेटचा नसतो. त्वचेचा रंग म्हणून आपण ज्याला एक गोष्ट समजतो त्या मुळात तीन गोष्टी आहेत, आणि प्रीसेट त्या तिन्ही एकदम ओढतो. तिन्ही वेगवेगळ्या हाताळता आल्या की तांबं काय, संगमरवर काय, जुन्या सिनेमासारखा चेहरा काय, सगळं जमतं.

तीन चेहरे, एकच कूळ

फोटोशॉप उघडा, आयड्रॉपर (फोटोतल्या जागेचा रंग वाचणारं साधन) घ्या आणि नमुना एका पिक्सेलचा न ठेवता पाच बाय पाचच्या सरासरीचा ठेवा. एकटा पिक्सेल घामाच्या थेंबावरही पडू शकतो. आता कपाळ आणि गालाच्या मधली जागा बघून आकडे वाचा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो. समजा, गव्हाळ माणसाचे आकडे आले लाल १९०, हिरवा १४०, निळा ११०. सावळ्या माणसाचे १२०, ८०, ६०. खूप गोऱ्या माणसाचे २३०, १९०, १६५. आकडे बघून तीन वेगळे रंग वाटतात. पण हेच आकडे ह्यू, सॅच्युरेशन आणि ब्राइटनेसच्या भाषेत मांडले की गंमत दिसते.

ह्यू म्हणजे रंग कुठल्या कुळातला: लाल, नारिंगी, पिवळा. तो वर्तुळावरच्या अंशांत मोजतात. गव्हाळ चेहऱ्याचा ह्यू येतो साडेबावीस अंश, सावळ्याचा वीस, गोऱ्याचा तेवीस. म्हणजे तिघंही एकाच नारिंगी गल्लीत राहतात. फरक आहे तो उजळपणात, म्हणजे सुमारे ७५, ४७ आणि ९० टक्के, आणि रंगाच्या भडकपणात, म्हणजे सॅच्युरेशनमध्ये: ४२, ५० आणि २८ टक्के.

असं का होतं याचं कारण शरीरात आहे. कातडीत रंग देणारी दोनच मोठी द्रव्यं आहेत. मेलॅनिन निळ्या बाजूचा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून ते तपकिरी दिसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश खातं, म्हणून लाली येते. मेलॅनिन कमीजास्त होतं, पण द्रव्यं सगळ्यांची तीच. सिनेमाचं कलर ग्रेडिंग करणारे लोक दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगाचं कूळ आणि भडकपणा दाखवणाऱ्या गोल आलेखावर, एक तिरकी रेघ चालू करून ठेवतात, ती याच भरवशावर. माणूस कोणत्याही देशातला असो, त्याची त्वचा त्या रेघेच्या आसपासच पडते.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की स्टाइल करताना उजळपणा आणि भडकपणा यांच्याशी वाट्टेल तेवढं खेळा, डोळा माफ करतो. ह्यूच्या बाबतीत तो फार खट आहे. साधारण १५ ते ३५ अंशांच्या आत राहिलात तर चेहरा जिवंत वाटतो. खाली घसरलात की ऊन लागल्यासारखा लालबुंद, वर गेलात की पिवळाफटक. पोस्टरसाठी मुद्दाम निळा किंवा हिरवा चेहरा करायचा असेल तर खुशाल करा, पण मग पुरता करा. अर्धवट हिरवा चेहरा स्टाइल वाटत नाही, आजार वाटतो.

आणखी एक. एकाच चेहऱ्यावरही ह्यू सगळीकडे सारखा नसतो. गाल, नाक, कान लालसर, कपाळ जरा पिवळट, पुरुषांची हनुवटी दाढीमुळे निळसर-करडी. हा पाच-सात अंशांचा फरक म्हणजे माणसाचं माणूसपण. प्लास्टिकसारखे दिसणारे फोटो नीट बघा: त्यात सुरकुत्या पुसल्यात हे दुय्यम, मुख्य म्हणजे हा फरक मारून टाकलेला असतो.

लाल चॅनल बघा, निळा चॅनल बघा

रंगीत फोटो म्हणजे तीन कृष्णधवल फोटोंची चवड. फोटोशॉपच्या चॅनल पॅनलमध्ये जाऊन एकेक उघडून पाहिलं तर त्वचेचं सगळं गुपित तिथेच कळतं. लाल चॅनलमध्ये चेहरा उजळ, गुळगुळीत, डाग जवळपास गायब. हिरव्यात खरा वाटावा असा. निळ्यात मात्र काळवंडलेला. प्रत्येक मुरूम, शीर, वण, जागरणाची वर्तुळं ठळक. म्हणजे देखणी नवरी लाल चॅनलमध्ये बसलेली असते आणि रांगडा पैलवान हिरव्या-निळ्यात.

कोल्हापूरच्या माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. बाबूराव पेंटरांनी इथे 'सैरंध्री' केला १९२० मध्ये. त्या काळात सिनेमात सर्रास ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरली जायची, आणि तिला लाल रंग दिसतच नव्हता. निळा आणि हिरवा तेवढा कळायचा. म्हणजे ती फिल्म जे बघायची ते आपण आज हिरवा-निळा चॅनल उघडून बघतो तसंच. ओठ काळे पडायचे, तांबूस कातडी गडद व्हायची आणि चेहऱ्याला कोरीव करारीपणा यायचा. तेव्हाच्या नटांचा तो जाडजूड फिकट रंगलेप हौसेचा नव्हता, फिल्मच्या या आंधळेपणावरचा इलाज होता. जुन्या मूकपटांसारखा चेहरा हवा असेल तर सेपियाचा फिल्टर शोधत बसण्यापेक्षा चॅनल मिक्सरमध्ये (कुठला चॅनल किती मिसळायचा ते ठरवणारं साधन) मोनोक्रोम, म्हणजे कृष्णधवल, चालू करून लाल शून्यावर आणा, हिरवा ६० आणि निळा ४० ठेवा. निम्मं काम तिथेच होतं.

आता तालमीत

तालमीतला उजेड म्हणजे एक पंचाईतच असते. दारातून येणारा दिवसाचा उजेड निळसर, वर एलईडी ट्यूब, आणि खालून लाल मातीचा परावर्तित प्रकाश. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून ती मळलेली, म्हणजे तिचा रंग आणखी उबदार. पैलवानाच्या पोटऱ्या आणि हनुवटीची खालची बाजू त्यामुळे आधीच लालेलाल. खासबागेच्या कुस्ती मैदानात भर उन्हात काढलेल्या फोटोत हा त्रास कमी, पण तिथे डोळ्यांखाली काळी सावली येते. एकंदरीत, काम रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलवर, करा. पहिला फोटो पैलवानाच्या हातात करडं कार्ड देऊन काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, त्यावरून लावा. मूळ रंग खरा नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा.

हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढा. त्वचेत लाल चॅनल सगळ्यात वरचा असल्यामुळे उजेड जास्त झाला की पहिला तोच फाटतो. फाटलेल्या जागी रंगाची माहितीच उरत नाही, आणि मग तिथे तांबं चढवायला गेलात की चट्टे उठतात.

मग वर सांगितलेला चॅनल मिक्सर, मोनोक्रोम करून, पण लेअरचा ब्लेंडिंग मोड (वरचा थर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते) ल्युमिनॉसिटी. असं केल्यावर रंग मूळचा राहतो, फक्त उजेड-सावलीचा साचा हिरव्या-निळ्या चॅनलमधून येतो. दंडाचे कट, मानेच्या शिरा, तुटके कान, सगळं वर येतं. ओपॅसिटी, म्हणजे थराचा गडदपणा, निम्म्याच्या आसपास ठेवा. आता अंग एकदम भडक दिसेल, घाबरू नका: रंग तेवढाच ठेवून उजेड कमी केला की भडकपणा वाढतोच. म्हणून लगेच ह्यू-सॅच्युरेशनमध्ये लाल आणि पिवळ्याची सॅच्युरेशन १५-२० ने उतरवायची. नवखे लोक तांब्यासाठी सॅच्युरेशन वाढवतात आणि तिथेच वीट होते. तांब्याचा लूक हा खरं तर रंग कमी केल्याने येतो.

आता मुख्य कसब, चकाकीचं. तेल लावलेल्या अंगावर जो चमकणारा ठिपका पडतो, त्याचा रंग त्वचेचा नसतो, दिव्याचा असतो. ट्यूब पांढरी असेल तर ठिपका पांढरा. धातूचं उलट आहे. तांब्याच्या घंगाळावरची चमक बघा, ती पांढरी नसते, तांबूस असते, कारण धातू परावर्तित प्रकाशालाच आपला रंग देतो. डोळ्याला हा फरक शब्दांत सांगता येत नाही, पण अचूक कळतो. त्यामुळे अंग कितीही तांबूस केलं आणि चमक पांढरीच ठेवली तर तो तेल लावलेला माणूसच दिसणार. चमकेला रंग दिला की धातू दिसायला लागतो.

हे करायला ग्रेडियंट मॅप लागतो. हा लेअर फोटोतल्या प्रत्येक उजळपणाला एक ठरलेला रंग देतो. सावलीला जवळपास काळा चॉकलेटी, मधल्या पट्ट्याला तांबडा-तपकिरी, हायलाइटला फिकट साय-पिवळा. शेवटचं टोक पांढरं ठेवू नका, अगदी कणभर गाभा पांढरा राहिला तर चालेल. मोड सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी २० ते ३५. मोड कलर करून पूर्ण ओपॅसिटी ठेवली तर चेहऱ्यावरचा तो पाच-सात अंशांचा फरक मरतो आणि पैलवान चौकातला पुतळा होतो. कुणाला पुतळाच हवा असेल तर अर्थात हीच वाट.

राहिली माती. मातीचा ह्यू आणि कातडीचा ह्यू जवळजवळ तोच, म्हणून फोटोशॉपच्या कलर रेंजमधला स्किन टोन्स हा पर्याय इथे हमखास फसतो. तो पैलवानाबरोबर अर्धा हौदा, म्हणजे आखाड्याची मातीही, निवडतो. रंगावरून निवड करण्यापेक्षा आकारावरून करा. लाइटरूममध्ये २०२२ पासून माणूस ओळखून चेहऱ्याची आणि अंगाची त्वचा वेगळी निवडणारा मास्क (बदल फक्त निवडलेल्या भागालाच लावणारा पडदा) आहे, तो इथे बराच कामाला येतो. अंगाला चिकटलेली माती मात्र ब्रशने बघावी लागते, आणि ती थोडी तशीच ठेवलेली बरी. मास्क झाला की दोघांना विरुद्ध दिशांना सरकवा: माती थोडी लालकडे, गडद आणि मळकी, अंग थोडं पिवळ्याकडे आणि उजळ. चार-पाच अंशांचा हिसका दोन्हीकडे पुरतो. बघणाऱ्याला काय केलंय ते कळत नाही, पण पैलवान मातीतून बाहेर येतो.

डोळ्यांचा पांढरा भाग, दात, ओठ आणि लंगोट मास्कमधून वगळा. तांब्याचे दात फार भयंकर दिसतात.

नवरीचा चेहरा आणि आत्याची नजर

लग्नसराईत मागणी नेमकी उलटी असते. मऊ, दुधाळ, पाकळीसारखा चेहरा. इथे लाल चॅनल वापरायचा: चॅनल मिक्सर मोनोक्रोम, लाल १००, बाकी शून्य, मोड ल्युमिनॉसिटी, ओपॅसिटी २५-३०. कातडीचा पोत न पुसताही डाग मागे जातात. वर कर्व्हचं, म्हणजे उजेड-सावली बदलणाऱ्या रेघेचं, खालचं टोक किंचित उचललं की सावल्या मऊ होतात. पुरे.

पण बहुतेक जण हे न करता लाइटरूमच्या कलर मिक्सरमध्ये नारिंगीची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, सरळ वर नेतात. त्वचा उजळते, खरं आहे. पण सगळ्या फोटोतली नारिंगी उजळते. मेंदी त्याच कुळातली, ती फिकी पडते, आणि रात्रभर जागून रंगवलेली मेंदी फोटोत न रंगल्यासारखी दिसते. नारिंगी-पिवळ्याची सॅच्युरेशन उतरवली की साज आणि ठुशी सोन्याची राहत नाही, पितळेची होते. हळदीच्या फोटोत तर पिवळा मंडप, पिवळी साडी, अंगाला हळद. तिथे स्लायडर नुसता हलवला तरी काहीतरी बिघडतं. म्हणून त्वचेवरचं काम त्वचेच्या मास्कमध्येच, आणि मास्कमध्ये चेहऱ्याबरोबर मान, कान, हात हवेतच. नुसता चेहरा उजळलेली नवरी म्हणजे दुसऱ्याच्या धडावर ठेवलेलं तोंड.

"दादा, पोरीला जरा उजळ करा की," हे वाक्य प्रत्येक अल्बमच्या वेळी ऐकू येतं. माझं मत विचाराल तर उजळ करणं आणि गोरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहऱ्यावर उजेड कमी पडला असेल तर तो वाढवणं हे आपलं कामच आहे. सावळ्या मुलीला दोन पायऱ्या गोरं केलं तर ग्रुप फोटोत सख्ख्या बहिणीशेजारी ती परकी दिसते, आणि सावळ्या कातडीतला जो दाट, गर्द रंग असतो तो जाऊन राखाडी पडदा येतो. बाहेरचे प्रीसेट लावल्यावर आपल्याकडचे चेहरे असे राखेसारखे दिसतात, त्याचंही कारण हेच. ते प्रीसेट फिकट त्वचेवर बेतलेले असतात. ही खोड जुनी आहे. कोडॅकच्या फिल्मच्या जमान्यात लॅबवाले रंग जुळवायला जे कार्ड वापरायचे, त्यावर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. सावळ्या त्वचेला सुंदर करायचं तर चकाकी वाढवा, म्हणजे गालफडावर, नाकाच्या दांडीवर, खांद्यावर हायलाइट जरा उचला आणि मूळ गडदपणा तसाच ठेवा. फार उठून दिसतं.

प्री-वेडिंगला पन्हाळा किंवा रंकाळा ठरलेला, आणि तिथे हिट असतो तो सिनेमातला निळसर-नारिंगी लूक. तो चालतो याचं कारण परत वर्तुळच. त्वचा पंचवीस अंशांवर, तर बरोबर समोर दोनशे पाचच्या आसपास निळसर रंग. पार्श्वभूमी तिकडे ढकलली की माणूस आपोआप पुढे येतो. संध्याकाळी रंकाळ्याचं पाणी तसंही निळं असतं, थोडंसंच करावं लागतं. पन्हाळ्यावर आणि उसाच्या फडात गोष्ट वेगळी: हिरवळीचा प्रकाश हनुवटीखाली आणि मानेवर चढलेला असतो. तो आधी त्वचेच्या मास्कमध्ये थोडा मॅजेंटा देऊन काढा आणि मगच झाडं निळसर करा. आणि हिरवा रंग सरसकट वळवताना हातातल्या चुड्याकडे लक्ष असू द्या. हिरवा चुडा मोरपंखी झालेला फोटो नवऱ्याच्या लक्षात येणार नाही, पण नवरीची आत्या अल्बम उघडल्या उघडल्या बोट ठेवणार.

फोटोशॉपच हवं असं काही नाही. जिंपमध्ये चॅनल मिक्सर आणि ग्रेडियंट मॅप दोन्ही आहेत, डार्कटेबलमध्ये रॉचं काम उत्तम होतं, आणि दोन्ही फुकट आहेत. मोबाइलवर लाइटरूमचं कलर मिक्स पुरतं. फक्त मोबाइलचा डिस्प्ले व्हिव्हिड मोडवर असेल तर तो नॅचरलवर आणा आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. त्या दोन गोष्टी चालू ठेवून त्वचेचा रंग ठरवणं म्हणजे गॉगल लावून साडी निवडणं.

बोर्डावर गेल्यावर

कोल्हापुरात फोटोचं शेवटचं ठिकाण बऱ्याचदा चौकातला डिजिटल बोर्ड, म्हणजे छापलेला फ्लेक्स, असतो. पैलवानानं गदा जिंकली, दादांचा वाढदिवस आला, की रातोरात बोर्ड चढतो, आणि स्क्रीनवर झकास असलेला चेहरा तिथे टोमॅटो होतो. स्क्रीन लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळते, तर छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळ्या शाईने होते. त्वचेसाठी इथला ढोबळ नियम असा की पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा जास्त हवा आणि सायन साधारण मॅजेंटाच्या निम्मा. गव्हाळ चेहऱ्याला मॅजेंटा ४५, पिवळा ५५, सायन २०-२५ असं काहीसं. त्वचा जितकी सावळी तितका सायन वर. मॅजेंटा पिवळ्याच्या पुढे गेला की टोमॅटो ठरलेला.

चेहरा लाल आला की छापणारा सहसा सगळी फाइल उजळ करतो. लाल तसाच राहतो, फक्त गुलाबी होतो. त्यापेक्षा त्वचेच्या मास्कमध्ये मॅजेंटा पाच टक्क्यांनी उतरवा आणि पिवळ्याला हात लावू नका. तांब्याच्या लूकमध्ये गडद भाग फार असतो. तिथे चारही शाया एकावर एक बसून काळं डबकं होतं आणि दंडाचे कट बुजतात, म्हणून छपाईच्या प्रतीत सावल्या स्क्रीनवर वाटतात त्यापेक्षा जरा मोकळ्या ठेवा. पूर्ण बोर्ड सोडण्याआधी चेहरा आणि खांदा येईल अशी फूटभर पट्टी त्याच मशीनवर, त्याच फ्लेक्सवर काढून घ्या आणि दुकानाच्या ट्यूबखाली न बघता रस्त्यावर उन्हात धरून बघा. वीस बाय दहाचा बोर्ड परत छापण्यापेक्षा ही पट्टी केव्हाही स्वस्त पडते.